मावशीचा शेवटचा करार

"अगं, एका मुलाचा फोन आला होता. मेल्यावरचं सगळं आधीच पैसे भरून ठरवून ठेवता येतं म्हणाला. बोलायला फार गोड होता." मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, इंग्लंडात एकटी राहते, मुलगा कॅनडात. आपल्यामागे कुणाची धावपळ नको, हे तिचं जुनंच पालुपद. मला मात्र तो गोडवा खटकला.

ब्रिटनमध्ये 29 जुलै 2022 पासून अशा योजना फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या आर्थिक नियामक संस्थेच्या देखरेखीखाली आल्या आणि आपणहून फोन करून त्या विकायला बंदी झाली. म्हणजे फोन आला तिथेच काय ते कळायला हवं होतं. तरी अथॉरिटीच्या ऑनलाइन नोंदवहीत त्या मुलाच्या कंपनीचं नाव शोधलं. नव्हतंच. नशीब, मावशीने कार्डाचा नंबर दिला नव्हता.

पण योजना तिला हवीच होती. नोंदवहीतली एक कंपनी निवडली. पैसे विश्वस्त निधीत, म्हणजे कंपनीच्या पैशांपासून वेगळे, जाणार होते. एवढ्याने मी निर्धास्त झाले नाही, कारण 2022 च्या मार्चमध्ये जी मोठी कंपनी बुडाली, तिचाही निधी होता. त्यात पैसे कमी पडले आणि सुमारे 46 हजार ग्राहक अडकले. आता मान्यताप्राप्त कंपनी बुडाली तर नुकसानभरपाई योजनेचं संरक्षण आहे, तक्रारीसाठी लोकपाल आहे.

हप्त्यांचं कलम वाचून दाखवलं. पहिल्या दोन वर्षांत माणूस गेला तर कंपनी अंत्यविधी न करता भरलेले पैसे परत देऊ शकते. मावशी म्हणाली, "म्हणजे तोवर मला मरायची सोय नाही!" तिने एकरकमी भरले.

खरी मेख सह्या झाल्यावर सापडली. काय-काय मिळणार ते आम्ही नीट वाचलं होतं. काय धरलेलं नाही, ते नाही. शवपेटी आधी घरी आणणं, क्रेमेटोरियममध्ये मंत्रांना पुरेल एवढा जास्तीचा वेळ, गुरुजींची दक्षिणा, यातलं काहीच नव्हतं. कंपनीची फोनवरची बाई म्हणत राहिली, "ते होऊन जाईल हो." आठवडाभर हेच. शेवटी लेखी कळवलं की तीस दिवसांच्या आत करार रद्द केला तर पूर्ण पैसे परत मिळतात हे आम्हाला माहीत आहे, आज एकोणिसावा दिवस आहे. दुसऱ्या दिवशी सुधारित करार आला. घरी आणणं आणि जास्तीचा वेळ, दोन्ही वाढीव रक्कम घेऊन लिहून दिलं. दक्षिणा आम्हीच बाहेर ठेवली.

मावशीने तो करार कपाटात साड्यांच्या खाली सरकवला. मी तो बाहेर काढला, प्रत्येक पानाचा फोटो काढून तिच्या मुलाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला, घाबरलेला. "आईला काय झालंय?"

"काही नाही," मावशी मागून ओरडली, "दोन वर्षांचं बंधनसुद्धा नाही मला!"