न्यूरो चार्ट भरताना: माझा अनुभव, मुख्यतः 'एम'च्या रकान्याचा

न्यूरो चार्टवर, म्हणजे रुग्णाची शुद्ध ठरावीक वेळाने नोंदवायच्या तक्त्यावर, शेवटी 'एकूण' असा एक रकाना असतो. जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, शुद्ध गुणांत मोजते: ई डोळे उघडण्याचे, व्ही बोलण्याचे, एम हालचालीचे, आणि 'एकूण' ही तिघांची बेरीज. माझा सगळा राग त्या 'एकूण'वर आहे. तिथे 'जीसीएस ८' लिहिलं की ओव्हर (पाळी बदलताना रुग्ण सोपवणं) देणारी मोकळी आणि घेणारी अंधारात. डोळे सुजून मिटलेले, तोंडात श्वासाची नळी, पण सांगितल्यावर दोन बोटं वर करणारा रुग्ण असतो. त्याचे कुणीतरी १+१+६ करतं, झाले ८. दुसरा दाब दिल्यावरच डोळे उघडतो, नुसता कण्हतो, हात मागे ओढून घेतो. त्याचे २+२+४, तेही ८च. पहिल्याला बहुतेक सगळं कळतंय, दुसऱ्याचा श्वासमार्ग धोक्यात आहे. म्हणून मी ई, व्ही, एम वेगवेगळे लिहिते आणि जे तपासताच येत नाही तिथे १ (म्हणजे काहीच प्रतिसाद नाही) न लिहिता 'एनटी' (नॉट टेस्टेबल) लिहिते. सुजलेला डोळा म्हणजे ई-एनटी, नळी असेल तर व्ही-एनटी (काही ठिकाणी 'टी' लिहितात, चालतं). एकही एनटी असेल तर बेरीज करायचीच नाही.

ई आणि व्ही लवकर उरकतात. आधी न बोलता, हात न लावता कॉटशेजारी उभं राहून बघायचं, मग हाक, मग दाब. खांदा हलवून हाक मारली तर डोळे आवाजाने उघडले की हलवण्याने, हे कळत नाही. व्हीमध्ये नाव, ठिकाण, महिना विचारायचा. ऐकू कमी येतं का, भाषा कोणती, हे नातेवाइकांना आधी विचारून चार्टच्या वर लिहून ठेवलं तर पुढच्या दहा जणांचा वेळ वाचतो. पक्षाघातात वाचा गेलेला माणूस पूर्ण जागा असूनही व्हीमध्ये १ किंवा २ वर बसतो. तिथे शेजारी 'वाचादोष' असा शब्द लिहायचा.

आता एम. सगळं घोडं इथेच अडतं. १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी ग्लासगोमध्ये ही स्केल मांडली, तेव्हा एमला पाचच पायऱ्या होत्या, एकूण १४. हात कोपरात वळण्याचे दोन प्रकार नंतर वेगळे केले आणि १५ झाले. नेमके तेच दोन, म्हणजे ४ आणि ३, अजूनही सगळ्यांना गोंधळात टाकतात.

पण चूक ६ पासूनच, म्हणजे 'सांगितलेलं करतो' इथूनच, सुरू होते. 'काका, माझा हात दाबा' म्हणून आपली बोटं त्यांच्या तळव्यात दिली की मेंदूला इजा झालेला माणूस निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियेने बोटं घट्ट धरतो. नातेवाईक खूश, आपण ६ लिहितो. दाबायला सांगितलं तर सोडायलाही सांगा, आणि सोडलं तरच ६. त्यापेक्षा 'जीभ बाहेर काढा' किंवा 'दोन बोटं दाखवा' बरं. मानेचा मणका दुखावून चारही हातपाय गेलेल्या रुग्णाला तर जीभ नाहीतर डोळे मिटणं-उघडणं यावरच तपासायचं, नाहीतर शुद्धीतल्या माणसाला १ मिळेल.

आज्ञा पाळत नसेल तर दाब. छातीच्या हाडावर मूठ चोळण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि मला ती अजिबात पटत नाही. कातडीवर काळेनिळे डाग पडतात ते वेगळंच. खरी अडचण अशी की ५ वाला हात छातीकडे जातो आणि ३ वाला हातही वळून छातीवरच येतो. मग सांगणार काय? आधी बोटाच्या टोकाला, नखाच्या बाजूवर पेनाने दाब द्यायचा. नखाच्या मुळाशी नाही, आणि दर वेळी बोट बदलायचं. मग मान आणि खांदा यांच्यामधला स्नायू. त्यानेही काही नाही तर भुवईच्या हाडाखालच्या खाचेत अंगठा, पण चेहऱ्याचं किंवा डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं असेल तर तिथे हात लावायचा नाही. शिवाय भुवईवर दाब दिला की माणूस डोळे गच्च मिटतो, त्यामुळे ईसाठी ती जागा बादच.

खांद्याचा चिमटा नीट घ्यायचा तर आधी चादर कमरेपर्यंत खाली, हात बांधलेले असतील तर सोडलेले, दोन्ही कोपरं अंगापासून मोकळी. अंगठा आणि दोन बोटांत स्नायूचा जाडसर पट्टा पकडायचा, नुसती कातडी नाही. दाब हळूहळू वाढवत दहा सेकंदांपर्यंत मोजायचे. बहुतेक जणी दोन सेकंदांत सोडतात आणि १ लिहितात. या वेळात आपली नजर चेहऱ्यावर नाही, रुग्णाच्या कोपरावर हवी. हात गळ्याच्या हाडाच्या वर, आपल्या बोटांच्या दिशेने आला तर ५. कोपर झटकन वळलं, दंड अंगापासून सुटला, पण हात तिथवर पोचला नाही, तर ४. दंड बरगड्यांना चिकटलेला, हात सावकाश छातीवर येतोय, मनगट आत वळलंय, अंगठा मुठीत दडलाय, पाय ताठ होतोय, आणि दोन-तीनदा केलं तरी हुबेहूब तेच, तर ३. कोपर सरळ ताठ झालं तर २.

दोन्ही हात वेगळे वागले तर चांगल्या हाताचा आकडा एममध्ये जातो. वाईट हाताची नोंद हातापायांच्या ताकदीच्या रकान्यात. तो रकाना रिकामा ठेवला तर एका बाजूचा अशक्तपणा चार्टवरून गायब होतो. पायाच्या बोटाला दाबून एम ठरवू नये, कारण पाय आखडणं केवळ मज्जारज्जूच्या पातळीवरही होतं, मेंदू काही करत नसला तरी.

एवढा काथ्याकूट कशाला? ४ चा ३ झाला तर डोक्यात काहीतरी बिघडतंय. ब्रिटनमधल्या नाइस या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा एक गुण घसरून अर्धा तास तसाच राहिला तरी डॉक्टरांना बोलवायचं, आणि तो गुण एमचा असेल तर जास्त गांभीर्याने. एममध्ये २, किंवा ई वा व्हीमध्ये ३ घसरले तर अर्धा तास थांबायचंही नाही. त्याच मार्गदर्शनात १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने तपासणी आहे. मग २ तास अर्ध्या तासाने, ४ तास तासाने, पुढे दोन तासांनी. कॉल करण्याआधी तीन गोष्टी हाताशी हव्यात: साखर, ऑक्सिजन आणि झोपेचं शेवटचं औषध किती वाजता दिलं. साखर उतरली की हुबेहूब पक्षाघातासारखं दिसू शकतं.

डोळ्यांच्या बाहुल्यांचं राहिलंच. खोलीतला उजेड कमी करून टॉर्च बाजूने आणायची. मापं मिलिमीटरमध्ये, दोन्ही डोळ्यांची वेगळी. बाहुली बदलेपर्यंत शुद्ध बहुधा आधीच घसरलेली असते. बीपी चढलं, नाडी मंदावली, श्वास बिघडला, हे तिन्ही एकत्र दिसेपर्यंत तर बराच उशीर झालेला असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा प्रकाशाला नीट दाद देत नाही, हेही पहिल्याच दिवशी लिहावं. आणि इप्राट्रोपियमचं (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) नेब्युलायझेशन, म्हणजे औषधाचा फवारा, सैल मास्कमधून डोळ्यात गेलं तर एकच बाहुली मोठी होऊन तशीच राहते. तरी डॉक्टरांना कळवायचंच, फक्त नेब्युलायझेशनची वेळही सांगायची.

चार्टची वेळ स्पंजिंग (अंग पुसणं) आणि सक्शन (नळीने कफ ओढून काढणं) यांच्या आधी ठेवा. सक्शन, पोझिशन, चादर बदलणं सगळं एका दमात केलं की कवटीतला दाब चढतो, म्हणून मध्ये विश्रांती द्या. एका वेळचं सक्शन १० ते १५ सेकंदांच्या वर नको. उशाकडची बाजू ३० अंश, मान सरळ, ट्रॅकिओस्टॉमीची (गळ्याला छेद देऊन बसवलेली श्वासाची नळी) मानेभोवतीची पट्टी आवळलेली नको. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने गोळीसुद्धा नाही, 'एक घोटच पाणी' म्हणून नातेवाईक मागे लागले तरी. लुळ्या हाताला धरून वर ओढू नका, खांदा निखळतो.

ओव्हर घेताना दोघींनी कॉटशेजारी उभं राहून एकदाच, एकत्र दाब देऊन बघायचं. मतं जुळली नाहीत तर दिसलं ते शब्दांत लिहायचं: 'उजवा हात मानेपर्यंत आणला, डावा छातीवर वळला, अंगठा मुठीत.' रात्री तीन वाजता फोनवर डॉक्टर 'आधी कसा होता?' असं विचारतात, तेव्हा हेच वाक्य वाचून दाखवायचं असतं.