वेग तोच, मध्ये फक्त शांतता

मी ईईजी लॅबमध्ये (डोक्यावरून मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवतात तिथे) टेक्निशियन आहे, म्हणजे डोक्याला कॅप चढवायची, ६४ इलेक्ट्रोडखाली एकेक करून जेल भरायचं आणि सिग्नल नीट येतोय का बघायचं. त्या दिवशी एक आजोबा आले होते, रिटायर्ड शिक्षक. कॅप घालताना म्हणाले, "नातवंडं काय भराभरा बोलतात गं, आवाज येतो पण शब्द हाती लागत नाहीत."

आमची टेस्ट नेमकी त्याच्यावरच होती! घिट्झा आणि ग्रीनबर्ग या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेला प्रयोग आम्ही मराठी वाक्यांवर करून बघत होतो. वाक्यं मुद्दाम निरर्थक, 'ओल्या खिडकीने तिखट रस्ता उचलला' असली, म्हणजे अंदाजाने ठोकून द्यायची सोयच नाही. ती तिप्पट वेगाने वाजवली. आजोबा सारखे डोळे मिटत होते (मिटले की मागच्या इलेक्ट्रोडवर लगेच अल्फा, म्हणजे डोळे मिटल्यावरची लहर, उसळतो, म्हणून दोनदा सांगावं लागलं). "खिडकी काहीतरी... नाही गं, नाही कळलं."

मग नवी वाक्यं लावली, वेग तिप्पटच, पण ४० मिलिसेकंद आवाज की ८० मिलिसेकंद शांतता, परत ४० आवाज, असं कापलेली. ऐकायला अगदी खडखडाट. आणि आजोबा पहिल्या झटक्यात म्हणाले, "झोपलेल्या चमच्याने हिरवा पाऊस मोजला." शब्दन् शब्द बरोबर, माझ्या अंगावर काटाच आला!

कारण बघा, एकही अक्षर हळू केलेलं नव्हतं. एरवी आपल्या बोलण्यात सेकंदाला चार-पाच सिलॅबल (उच्चाराचे तुकडे) येतात आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूतली थीटा लय, ४ ते ८ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ ठोक्यांची, त्या चढउताराबरोबर चालते. तिप्पट वेगात ते बारा-पंधरा होतात आणि लय मागे पडते. गॅप टाकले की सेकंदाला आठेक तुकडे, म्हणजे परत तिच्या आवाक्यात. स्क्रीनवर हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही हं, ढीगभर वाक्यांचा डेटा एकत्र करावा तेव्हा कुठे दिसतं. आणि ही लय मेंदूची स्वतःची की नुसता प्रत्येक आवाजाला दिलेला प्रतिसाद, यावर अजून वाद आहे. मला स्वतःची वाटते, त्या चमच्यामुळे.

जेल पुसताना आजोबांनी विचारलं, "मग नातवाला काय सांगू, हळू बोल?"

म्हटलं, "भरभर बोलू दे आजोबा, फक्त मध्ये मध्ये थांबायला सांगा."