चार इंच रुंद झालेली गाडी

आमच्या शेजारच्या आजींच्या गाडीवर शेवाळं येतं. खोटं नाही सांगत. इथे ऑक्सफर्डमध्ये पाऊस काही सुट्टी घेत नाही आणि त्यांची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर बाराही महिने घरासमोर उघड्यावर उभी, मग मागच्या लाकडाच्या खाचांमध्ये हिरवं उगवतंच. मला आधी वाटायचं की त्या लाकडी पट्ट्या शोभेच्या असतील, हॉटेलात भिंतीला मारतात तशा. तर आजी म्हणाल्या, ते लाकूड काढलंस तर गाडीचा मागचा भाग हातात येईल! मागची अख्खी बॉडी अ‍ॅश नावाच्या लाकडाच्या चौकटीवरच उभी आहे, त्यामुळे लाकूड कुजलं की गाडी तपासणीत नापास, पत्रा गंजल्यावर होते तशीच. आता 40 वर्षांवरच्या जुन्या गाड्यांना ती तपासणी सक्तीची नाही म्हणे, पण आजी तरी दरवर्षी करून घेतात. आणि मेकॅनिकच्या आधी सुतार शोधतात.

गाडी 1967 ची, पण गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धात. अ‍ॅलेक इसिगोनिस नावाचा इंजिनिअर, जन्म तुर्कस्तानातल्या स्मर्नाचा (आजचं इझमिर), इंग्लंडला आला आणि कॉलेजात गणितात तीनदा नापास झाला. (हे वाचून मला फार बरं वाटलं.) युद्ध चालू असतानाच त्याने मॉरिस कंपनीसाठी एक छोटी गाडी काढायला घेतली, तिचं कंपनीतलं नाव मॉस्किटो, म्हणजे डास. हीच पुढे मायनर झाली. गाडी जवळजवळ तयार झाली आणि इसिगोनिस साहेबांना वाटायला लागलं की काहीतरी चुकतंय, फार अरुंद दिसतेय. मग काय केलं असेल? नमुन्याची गाडी उभी कापली, दोन्ही अर्धे भाग थोडे थोडे लांब सरकवत गेले आणि डोळ्याला बरं वाटलं तिथे थांबले. चार इंच! त्या मायनरच्या बॉनेटवर मधोमध जी सपाट पट्टी दिसते ना, ती त्याच चार इंचांची खूण. बंपर तर आधीच बनवून ठेवलेले होते, ते फेकायचे कुठे, म्हणून तेही मधून कापले आणि जोडपट्टी लावून बसवले. आपल्याकडे शिंपी ब्लाउजला बाजूने कापड जोडून देतो, अगदी तसंच.

कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड, म्हणजे स्वतः विल्यम मॉरिस, यांना गाडी अजिबात आवडली नव्हती. पोच्ड एग म्हणाले तिला, म्हणजे पाण्यात फोडून शिजवलेलं अंडं. ऑक्टोबर 1948 ला लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली, इंजिन जुनंच 918 सीसीचं, पण स्टिअरिंग इतकं हलकं आणि वळणावर इतकी चिकटून चालायची की लोक खूश. 1952 मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस या दोन गाडी कंपन्या एक झाल्यावर तिला ऑस्टिनचं इंजिन मिळालं, पुढच्या वर्षी ही लाकडी ट्रॅव्हलर आली, 1956 ला मायनर 1000. घरोघरी जाणाऱ्या नर्सबाई, गस्तीचे पोलीस, मास्तर, सगळ्यांकडे हीच. डिसेंबर 1960 ला दहा लाखावी गाडी बाहेर पडली, कुठल्याही ब्रिटिश गाडीने हा आकडा पहिल्यांदाच गाठला होता. त्या आनंदात साडेतीनशेच्या आसपास गाड्या फिक्या जांभळ्या रंगात काढल्या. जांभळ्या! कोणाची आवड होती देव जाणे. 1971 ला ट्रॅव्हलरही बंद झाली, तोवर एकूण सोळा लाखांच्या आसपास गाड्या झाल्या होत्या. इथून बसने जाता येतं त्या काउलीच्या कारखान्यात आता मिनी बनतात, आणि मूळच्या मिनीचा बापही हाच इसिगोनिस.

गेल्या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून आले होते. त्यांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि मला म्हणाले, "ही अ‍ॅम्बेसेडरची आई काय रे?" म्हटलं आई नाही बाबा, मावशी म्हणा. अ‍ॅम्बेसेडर आली मॉरिस ऑक्सफर्ड नावाच्या दुसऱ्या गाडीवरून. पण ही मावशीसुद्धा आपल्याकडे येऊन गेलीय, हिंदुस्थान मोटर्सने पन्नाशीच्या दशकात बेबी हिंदुस्थान नावाने हीच मायनर विकली होती.

आजींनी मग आम्हाला एक चक्कर मारून आणली. चोक ओढला, स्टार्टर फिरवला, आणि उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की सायलेन्सरमधून असा काही पर्रर्र आवाज यायचा की बाबांना हसू आवरेना, आजीही हसत होत्या. परत आल्यावर चहा होईपर्यंत बाबा जुना टूथब्रश घेऊन लाकडाच्या खाचेतलं शेवाळं काढत बसले. मधेच उठले, बॉनेटवरच्या त्या पट्टीवर चार बोटं आडवी ठेवली, जराशी जागा उरली, तिकडे एक मिनिट बघितलं आणि आजींना मराठीतच म्हणाले, "बरोबर आहे हो."