बाजेवर राहिलेली डायरी

कापूस वेचणीचे दिवस होते. पांढरकवड्याकडच्या एका गावात मी आरोग्य उपकेंद्राची एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, म्हणून गृहभेटी करत होते. बाळंतिणीच्या घरी बाळाचं वजन घ्यायचं होतं. पिशवी ओसरीतल्या बाजेवर ठेवली आणि काटा घेऊन आत गेले. बाहेर आले तर घरची तिसरीतली पोर माझी डायरी मांडीवर घेऊन, अक्षराला अक्षर जोडत मोठ्यानं वाचत होती. आजी आणि शेजारच्या दोघी कौतुकानं ऐकत होत्या.

"वजन बेचाळीस. टीबी. एआरटी चालू."

"एआरटी म्हंजे काय असते व बाई?" आजीनं मलाच विचारलं.

"औषध आहे," म्हणत मी डायरी ओढून घेतली. हात थरथरत होते. एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार, आणि त्या ओळीच्या सुरुवातीला त्याच गावातल्या एका तरुणाचं नाव होतं.

चूक पूर्णपणे माझी होती. टीबीच्या रुग्णाची एचआयव्ही तपासणीही करतात आणि उपचार कार्डावर तिची नोंद असते. कार्डं कपाटात कुलूपबंद असायची. पण दर वेळी शोधाशोध नको, म्हणून मी तीच माहिती नावासकट डायरीत उतरवून गावभर फिरायची. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, रुग्णाच्या संमतीशिवाय ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, हे आशाताईंना मीच समजावलं होतं.

रात्री डोळा लागला नाही. त्याला सांगावं की गप्प राहावं? बायकांना काही कळलं नसेलही. पण घराघरात मोबाइल आहे, विचारायला कितीसा वेळ लागतो? आणि उद्या त्याला दुसऱ्याच कोणाकडून कळलं तर? सकाळी त्याच्या शेतात गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं.

तो वेचतच राहिला. मग म्हणाला, "नाव वाचलं का तिनं?"

"मी आले तेव्हा ती पुढं गेली होती. वाचलं असेल."

"माया बहिणीचं जमून राह्यलं, सिस्टर. ऐतवारी पाहुणे येनार हायत."

त्याच दुपारी डायरीतली तसली सगळी पानं मी जाळली. आता डायरीत फक्त क्रमांक असतात. कोणता क्रमांक कोणाचा, ती यादी कपाटातून बाहेर निघत नाही. आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. सिस्टर दर आठवड्याला एकाच दारात थांबली की गल्ली आपोआप हिशेब मांडते. म्हणून आता आजूबाजूच्या दोन-तीन घरी बीपी तपासूनच पुढं जाते.

त्यानं मात्र घरी यायला मनाईच केली. उपचार संपेपर्यंत दर बुधवारी गोळ्यांच्या पट्ट्या मी धुऱ्यावरच्या निंबाखाली द्यायची. पट्ट्या घेण्याआधी तो माझ्या हाताकडे पाहायचा, डायरी उघडी तर नाही ना म्हणून.