नुसता पडलोय

कोल्हापुरात रविवारी दुपारी कोणी झोपत नाही. सगळे नुसते पडलेले असतात. सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग धरायची, दुपारी तांबड्या-पांढऱ्याच्या किती वाट्या झाल्या ते मोजायचं नाही आणि मग पेपर घेऊन जरा पाठ टेकायची. थोड्या वेळात घोरणं स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. कोणी हटकलं, "झोपलायसा व्हय?" की उत्तर तयार असतं. "झोपलोय कुठं? नुसता पडलोय. चष्मा हाय की डोळ्यावर!"

हा चष्मा म्हणजे आपल्या बाजूचा साक्षीदार. काड्या मिटून तो डबीत ठेवला की माणूस रीतसर झोपला. रात्री त्याला कोणाची हरकत नसते. दिवसाढवळ्या धडधाकट माणूस झोपला की मात्र आमच्याकडं चार तोंडं बोलतात. म्हणून नाकावरून चष्मा हलवायचा नाही, मग कानामागं काडी रुतली तरी चालेल.

एरवी आडवं होऊन वाचायला माझ्यासारख्याला चष्मा लागतच नाही. नंबर मायनस चार. एकाला चारनं भागलं की पाव मीटर, म्हणजे उघड्या डोळ्यांना 25 सेंटिमीटरपर्यंतचं स्वच्छ दिसतं. पेपर तोंडाजवळ धरला की काम भागतं. चष्मा लागतो तो त्यापुढच्या जगासाठी. भिंतीवरचं घड्याळ, कॅलेंडर आणि मुख्य म्हणजे दारातून डोकावणारं माणूस. ते चहाला विचारायला आलंय की गॅसची टाकी बदलायला बोलवायला, हे चेहऱ्यावरून आधी कळलेलं बरं. डोळे मिटायचे की उघडायचे ते त्यावर ठरतं.

घरातला ठरलेला टोमणा, "स्वप्नं बघायला लागतोय काय चष्मा?" चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीला इटलीत निघाला. तिथल्या पहिल्या चष्मेवाल्याच्या बायकोनंही हेच विचारलं असणार, माझी खात्री आहे. स्वप्न डोळ्याच्या भिंगातून आत येतच नाही, ते मेंदूतच तयार होतं, त्यामुळं तिथं नंबरचा संबंध नाही. स्वप्नात मला रंकाळ्याच्या या काठावरून त्या काठावरचा भेळवाला कांदा चिरताना दिसतो. चष्मा लावून प्रत्यक्षात तिथं मला नुसती गर्दी दिसते.

असल्या पडण्यानं हल्लीच्या प्लॅस्टिकच्या भिंगांवर बारीक चरे उठतात, नाकावरच्या पॅड वाकतात. ते चालवून घेता येतं. डावी काडी पार फाकली आणि खाली बघितलं की चष्मा घसरायला लागला, तेव्हा मात्र राजारामपुरीतल्या दुकानात जावं लागलं.

दुकानदारानं चष्मा काउंटरच्या काचेवर उपडा ठेवला. एक काडी टेकली, दुसरी अधांतरी. फ्रेम गरम हवेवर धरून वाकवता वाकवता तो म्हणाला, "डाव्या कुशीवर झोपता न्हवं?"

"झोपत नाही ओ, नुसता पडतो."

"पडा की. खरं चष्मा काढून पडा."

कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळायला ऑगस्ट 2025 उजाडलं, त्यासाठी वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. आमच्या घरच्या खटल्याचा निकाल काउंटरवर दोन मिनिटांत लागला. बायको शेजारीच उभी होती. तिनं पुढं होऊन दुकानदाराला विचारलं, "किती तास झोपतात, ते पण कळतं काय ओ काडीवरून?"