थर्मामीटर पास, फॉर्म नापास

ईएमसी टेस्टचा, म्हणजे आजूबाजूच्या रेडिओ लहरींनी उपकरण बिघडत नाही ना हे बघणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट हातात आला, तरी लॅबच्या फॉर्ममधल्या एका रकान्याचा राग अजून गेलेला नाही.

अंधेरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. काखेत प्रोब ठेवून घरी ताप सतत बघता येईल असं थर्मामीटर आम्ही बनवतो. त्याची वायर मीटरभर, आणि दुखणं तिचंच. मोबाइल किंवा वॉकीटॉकी जवळ आला की ती अँटेना होते. आत शिरलेल्या लहरींचं अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला रेक्टिफिकेशन होतं, म्हणजे त्यातून थोडासा डीसी (एकाच दिशेचं व्होल्टेज) तयार होतो आणि चिप त्यालाच ताप समजते. ०.१ अंशाला थर्मिस्टरचा (प्रोबमधल्या, तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणाऱ्या भागाचा) रेझिस्टन्स अर्धा टक्काही बदलत नाही, त्यामुळे आकडा हलायला फार काही लागत नाही. इलाज माहीत होता: शील्डेड (धातूच्या जाळीने वेढलेली) वायर, फेराइट बीड (लहरी शोषणारा मणी), आणि इनपुटच्या पिनांना अगदी खेटून १ नॅनोफॅरडचे कपॅसिटर. सामान लॅमिंग्टन रोडवर मिळालं.

मग आला फॉर्म. त्यात रकाना, ‘पास/फेल निकष’. मी लिहिलं, ‘स्टँडर्डप्रमाणे’. परत आला. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, ‘साहेब, निकष उत्पादकाने द्यायचा असतो.’ बरोबर आहे, आयईसी ६०६०१-१-२ हे वैद्यकीय उपकरणांच्या ईएमसीचं स्टँडर्ड तसंच सांगतं. लॅबचं म्हणणं, रुग्णाला धोका कशाने होईल हे तुम्ही ठरवा, आम्ही फक्त बघू. पण मग आकडा लिहिला, ‘०.२ अंशापेक्षा जास्त फरक नको’, तरी परत. डिस्प्ले कोरा झाला तर? उगाच अलार्म वाजला तर? मशीन रीसेट होऊन आपोआप सुरू झालं तर पास की फेल? हे सगळं हवं होतं, तर पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? एका वेळी एकच त्रुटी काढायची आणि चहाला जायचं, ही पद्धत काही केल्या माझ्या पचनी पडत नाही.

सगळ्यात जास्त अडलो ते ‘ड्वेल टाइम’वर, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर किती वेळ थांबायचं. आमचं थर्मामीटर सरासरी काढून आकडा दाखवतं, एका सेकंदात त्याला काही कळतच नाही. १० सेकंद लिहिले. आता हिशोब करा. ८० मेगाहर्ट्झपासून २.७ गिगाहर्ट्झपर्यंत एकेक टक्क्याने चढत गेलं की साधारण ३५४ पायऱ्या होतात. चार बाजू, उभी-आडवी अँटेना, म्हणजे आठ फेऱ्या. नुसतं थांबण्यातच जवळजवळ आठ तास जातात, आणि चेंबरचं, म्हणजे टेस्टच्या बंद खोलीचं, भाडं तासावर. एक सेकंद लिहून स्वस्तात पास झालो असतो, पण ते पास कसलं? शेवटी फर्मवेअरमध्ये (उपकरणातल्या प्रोग्रॅममध्ये) टेस्टसाठी वेगळा मोड केला, सरासरी न काढता कच्चा आकडा दाखवणारा, आणि ड्वेल कमी केला. तो मोडही फॉर्ममध्ये लिहावा लागला. अर्थातच, त्यासाठी फॉर्म आणखी एकदा परत आला.

चेंबरमध्ये मात्र काही झालं नाही. घरगुती वापराचं उपकरण म्हणून मीटरला १० व्होल्टचं फील्ड दिलं, आकडा जागचा हलला नाही. तिथे उभं राहून मला जो आनंद झाला तो झाला.

हो, एक राहिलं. टेस्टच्या वेळी प्रोब ३७ अंशाच्या पाण्यात ठेवायचा तर स्टीलचा थर्मास नेऊ नका. स्टीलच लहरी अडवतं आणि टेस्टला अर्थ राहत नाही. थर्मोकोलच्या खोक्यात प्लॅस्टिकची बाटली चालते. शील्डच्या जाळीची वेणी शेपटीसारखी लांब काढून सोल्डर करू नका, कनेक्टरपाशी चहूबाजूंनी टेकवा, नाहीतर वरच्या फ्रिक्वेन्सीला तिचा उपयोग नाही. आणि लॅबला जायच्या आधी सोसायटीच्या वॉचमनला वॉकीटॉकी घेऊन वायरीशेजारी बोलायला लावा. अर्धे दोष तिथेच फुकटात कळतात. लॅबला जाताना सोल्डरिंग आयर्न, जास्तीचे फेराइट आणि तांब्याची टेप पिशवीत असू द्या. तासाचं भाडं चालू असताना लॅमिंग्टन रोडला पळता येत नाही.