आधी वासे, मग आराखडा

पलूस तालुक्यातील आमच्या शेतात ट्रॅक्टर, ट्रॉली, औते आणि हळदीच्या दिवसांत काही पोती ठेवण्यासाठी एक शेड हवी, हा विषय घरात गेली तीन वर्षे निघत होता. लोखंडी पाइपची शेड फॅब्रिकेटरकडून आठवडाभरात उभी राहते, आणि सागाचे नवे लाकूड विकत घेऊन शेड बांधण्यापेक्षा ती स्वस्तच पडते, हे मी आधीच मान्य करतो. तरीही मी लाकडाकडे वळलो, कारण बांधावर आमच्या मालकीच्या जुन्या बाभळी होत्या आणि कृष्णाकाठचे वाडे पाडल्यावर निघणारे सागाचे लाकूड त्या काळात बाजारात येत होते. हे दोन्ही नसते, तर मीही पाइपच लावला असता.

मला हवी होती ती रचना सोपी आहे. पाया आणि भिंती न बांधता खांब थेट जमिनीत पुरायचे, त्यांच्या माथ्यावर तुळया टाकायच्या आणि वर पत्रा घालायचा. अमेरिकेत 1930 च्या दशकापासून शेतकरी अशा शेड बांधत आले आहेत, आणि तिथे त्यांना पोल बार्न म्हणतात. आपल्याकडे मेढी रोवून मांडव आणि छपरे उभी करण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. ‘मुहूर्तमेढ’ हा शब्दच तिथून आला. फरक एवढाच की तिकडच्या खांबांत कारखान्यात दाबाखाली रसायन भरलेले असते आणि आपल्या मेढी पाच-सात वर्षांनी बदलण्याची तयारी ठेवूनच रोवलेल्या असतात. मला मात्र पुन्हा पुन्हा मेढी बदलायच्या नव्हत्या.

पहिली चूक मी कागदावर केली. तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद असा आराखडा काढला, लाकडाची यादी केली आणि ती घेऊन वखारी फिरू लागलो. वीस फुटी रुंदीला दोन्ही पाखांसाठी, म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजूंसाठी, सुमारे बारा फुटांचे वासे लागतात. त्या लांबीचे सरळ, वाळलेले वासे वखारीत होते, पण ते नवे होते आणि त्यांचा भाव ऐकून मी घरी परतलो. शेवटी गावातल्या सुतारमामांना कागद दाखवला, तेव्हा त्यांनी तो नीट पाहिलासुद्धा नाही. ते म्हणाले, “आण्णा, आधी वासं किती लांब मिळत्यात ते सांगा, मग शेड किती रुंद हुईल ते मी सांगतो.” या एका वाक्याने सगळे नियोजन उलटे, म्हणजे खरे तर सुलटे झाले. जुन्या वाड्यांतल्या खोल्या अरुंद का असतात, याचे उत्तरही त्यातच आहे. मिळेल त्या तुळईच्या लांबीएवढीच खोली, आणि घर मोठे हवे असेल तर खण, म्हणजे दोन तुळयांमधले गाळे, वाढवायचे.

मिरजेच्या बाजूला जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याकडे एकाच वाड्यातून निघालेले सागाचे तीसेक वासे मिळाले. तीन इंच चौरस आणि साडेनऊ फूट लांब. उतार तीनास एक, म्हणजे तीन फुटांना एक फूट, धरला, तर साडेनऊ फुटांचा वासा आडव्या मापात नऊ फूट जातो. त्यातला एक फूट पागोळी खांबांपासून लांब पडावी म्हणून बाहेर काढला की निम्मी रुंदी आठ फूट उरते. म्हणजे शेड सोळा फूट रुंद. अडीच फुटांवर एक जोडी याप्रमाणे तीस फूट लांबीला तेरा जोड्या, म्हणजे सव्वीस वासे लागतात. उरलेले चार मोडतोडीसाठी. ट्रॉली आत घेताना सोळा फूट पुरतात, हे उसाची रिकामी ट्रॉली प्रत्यक्ष उभी करून, चारी बाजूंना खुंट्या मारून मी पाहिले होते.

जुने लाकूड घेताना काय पाहावे, हे मी पैसे मोजून शिकलो. वाशाचे जे टोक भिंतीत गाडलेले असते तिथे ते आतून पोकळ झालेले असू शकते, म्हणून हातोडीने पूर्ण लांबीभर ठोकत जायचे. भरीव लाकूड खणखणीत वाजते, पोकळ ठिकाणी आवाज बसका येतो. जुन्या सांध्यांच्या खाचा वाशाच्या मध्यावर असतील, तर तो वासा तिथेच वाकेल किंवा मोडेल, म्हणून तो बाजूला ठेवायचा. मोडलेले खिळे रंगाखाली आणि चुन्याखाली दडलेले असतात. करवतीच्या पात्याला एक खिळा लागला तरी गिरणीवाला पुन्हा दारात उभे करत नाही, म्हणून मी लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक वाशावरून फिरवले. पुरात भिजलेले लाकूड मात्र उगीच नाकारू नये. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्ये पाण्याने धुऊन जात नाहीत. भेगांत अडकलेला गाळ घासून काढला आणि लाकूड सावलीत नीट वाळवले, तर ते काम देते. कडेचा पांढुरका भाग मात्र सागाचा असला तरी वाळवीला तो कोणत्याही साध्या लाकडासारखाच.

मापाचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा, कारण गोल लाकडाचे घनफूट आणि चिरलेल्या लाकडाचे घनफूट सारखे नसतात. चिरलेल्या लाकडाला रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत घेऊन गुणाकाराला 144 ने भागायचे. माझा एक वासा त्या हिशेबाने जेमतेम 0.6 घनफूट भरतो. गोल ओंडक्याला घेर इंचांत मोजून त्याच्या चौथ्या भागाचा वर्ग करतात, लांबीने गुणतात आणि मग 144 ने भागतात. 36 इंच घेराचा दहा फुटी ओंडका अशा रीतीने 5.6 घनफूट होतो, प्रत्यक्षात त्यात लाकूड असते सुमारे 7.2 घनफूट. हा फरक फसवणुकीचा नाही; साल आणि चिरताना जाणारी घट त्यात धरलेली असते. मात्र गोल लाकूड घेताना कोणत्या रीतीने मोजणार हे आधी विचारले नाही, तर भावाची तुलना निरर्थक ठरते.

खांबांसाठी बाभळी तोडायच्या होत्या. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, खैर अशी झाडे आहेत आणि ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही. तरीही तोडण्याआधी आणि वाहतुकीआधी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारून घेतलेले बरे. जुन्या सागाची पावती, ते कोणत्या घरातून निघाले याच्या उल्लेखासह, मी जपून ठेवली आहे. कायद्यापेक्षा अवघड प्रश्न वेगळाच निघाला. सगळ्यांत सरळ बाभूळ चुलतभावाच्या आणि आमच्या सामाईक बांधावर होती. तिच्या फांद्यांचे जळण त्यांना आणि बुंधा आम्हाला, असा तोडगा चहावर निघाला. आमच्याकडे बांधावरून यापेक्षा लहान गोष्टीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या आहेत.

बाभळीचा गाभा जड, लालसर आणि चिवट असतो. बैलगाडीची चाके आणि औते त्याच लाकडाची होत असत, ते उगीच नव्हे. पण चौदा फुटांचा सरळ तुकडा दहा झाडांतून एखाद्यालाच निघतो. आठ खांबांपैकी तीन थोडे कमानदार निघाले. सुतारमामांनी ते नाकारले नाहीत. बाक शेडच्या लांबीच्या दिशेने बसवला, म्हणजे रुंदीच्या मापात फरक पडत नाही. झाडे थंडीत तोडली, साल लगेच काढली आणि बुंधे महिनाभर ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवले. पांढऱ्या लाकडात साठलेल्या पिष्टावर भुंगा पोसतो. पाण्यात मुरवल्यावर ते कमी होते, असा जुन्या माणसांचा अनुभव आहे. त्यानंतर टोकांना डांबर लावून, खाली दगड घालून, सावलीत रचून ठेवले. वाळल्यावर बाभळीत खिळा जात नाही, वाकतो. त्यामुळे प्रत्येक सांध्याला गिरमिटाने भोक पाडून बोल्टच घालायचे, हे आपोआप ठरले.

खिळ्यांपेक्षा बोल्ट बरे, याचे खरे कारण मात्र वारा आहे. चारही बाजूंनी उघड्या शेडमध्ये खांबांचे काम छप्पर पेलण्यापेक्षा ते धरून ठेवण्याचे अधिक असते. वाऱ्याच्या भाराचे नियम आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आहेत आणि त्यात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे. आमच्या बाजूलाही तोच धरून हिशेब केला, तर चौरस मीटरला सुमारे 93 किलो दाब येतो. बाहेर काढलेले काठ धरून माझे छप्पर 32 गुणिले 18 फुटांचे, म्हणजे साडेत्रेपन्न चौरस मीटरचे आहे. हा सगळा दाब खालून वर लागला, तर उचल पाच टनांच्या आसपास जाते आणि आठ खांबांत वाटली तर प्रत्येकी सव्वासहाशे किलोच्या घरात. मधल्या खांबांवर त्याहून जास्त. पत्रा आणि लाकूड यांचे मिळून वजन टनभरही भरत नाही. वळवाच्या पहिल्या वादळात रानातली छपरे शेजाऱ्याच्या उसात जाऊन का पडतात, हे या आकड्यांवरून कळते. म्हणून प्रत्येक खांबाच्या बुडाजवळ आडवे भोक पाडून त्यात दोन फुटांची लोखंडी सळई घातली, म्हणजे खांब वर उचलला जाऊ लागला तर भोवतीचा भराव अडवेल. पश्चिमेची बाजू पत्र्याने बंद करायची आणि पूर्वेची उघडी ठेवायची, असेही ठरवले.

वाड्यातला खांब तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभा असतो, त्यामुळे लाकूड मातीला शिवत नाही आणि शतकभर टिकते. मलाही तोच मोह झाला होता. पण वाड्याला आडव्या वाऱ्यापासून जाड भिंती सांभाळतात. तळखड्यावरचा सुटा खांब उघड्या शेडमध्ये नुसता ढकलला तरी कलेल. खांब पुरणे भाग होते. पुरलेला खांब कुजतो तो सहसा बुडाशी नव्हे, तर जमिनीलगतच्या वीत-दीड वीत भागात, कारण तिथेच हवा आणि ओल दोन्ही एकत्र मिळतात. तेवढ्या भागातले पांढरे लाकूड तासून काढले आणि खांब पूर्ण वाळल्यावरच डांबराचे दोन हात दिले. ओल्या खांबाला डांबर लावले तर ओल आतच कोंडते. काही जण जळके ऑइल फासतात. जिथे धान्य आणि हळद ठेवायची तिथे मी ते लावणार नाही.

जागाही लाकडाइतकीच त्रासदायक निघाली. विहिरीजवळ पहिला चाचणी खड्डा घेतला, तर आठ फुटांपर्यंत काळी मातीच. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि त्या हालचालीत खांब वर्षागणिक हलत राहतो. रस्त्याकडच्या चढावर तीन फुटांवर मुरूम लागला. 2019 च्या महापुरात, जेव्हा सांगलीत आयर्विन पुलाजवळ 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी 57 फुटांवर गेले होते, तेव्हा आमच्या शेतातले पाणीही त्या चढाच्या खालीच थांबले होते. जागा तिथेच ठरली. चार फूट खड्डा, तळाशी खडी आणि चपटा दगड, भोवती काळी माती नव्हे तर थराथराने धुम्मस करून भरलेला मुरूम, आणि वर पाणी बाहेर वळेल असा उतार दिलेला काँक्रीटचा गळपट्टा. चौदा फुटांचा खांब जमिनीवर दहा फूट राहिला.

सोळा फुटांच्या आडव्या तुळया जुन्या सागात मिळाल्याच नाहीत, म्हणून निलगिरीच्या बल्ल्या आणल्या. वखारीत त्या वाळलेल्या म्हणून दिल्या होत्या. पंधरा दिवसांत चारपैकी दोन पिळल्या आणि एकीला टोकापासून हातभर चीर गेली. वजन उचलून पाहिले असते तर ओल्या आहेत हे तिथेच कळले असते. दोन बदलून घेतल्या, त्यासाठी दोन फेऱ्या आणि बरीच बोलाचाली झाली. चिरलेल्या बल्लीला टोकाजवळ लोखंडी पट्टा आवळून ती सर्वांत कमी भार येणाऱ्या पूर्वेच्या टोकाला वापरली आहे.

आठही खांब आता उभे आहेत. ओळंब्यात एक खांब अर्धा इंच बाहेर आहे, आणि तो तसाच राहील, असे सुतारमामांनी जाहीर केले आहे. पुढच्या आठवड्यात आढे, म्हणजे छपराच्या माथ्यावरची आडवी तुळई, चढेल, मग वासे आणि पत्र्याखालच्या रिपा. पत्रे वळवाच्या आधी बसले पाहिजेत, कारण अर्धवट बसवलेला पत्रा वाऱ्याला पूर्ण बसवलेल्यापेक्षा लवकर सापडतो. तोवर ते घराच्या ओसरीवर दगडांखाली दाबून ठेवले आहेत.